पुलावरची पाठ

आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागते ती एकतर पाणी येणार नसल्याची, नाहीतर जिन्यात सायकली लावू नयेत याची. दोन्हींचा परिणाम सारखाच, म्हणजे काहीच नाही. त्यामुळे त्या सकाळी फलकापुढे माणसं उभी दिसली तेव्हा मी चष्मा पुसत, आपल्याला काहीच माहीत नसल्यासारखा जवळ गेलो. मजकूर मला तोंडपाठ होता. सांगितला मीच होता.

‘येत्या रविवारी संध्याकाळी सभागृहात छत्रीचा जुना सिनेमा दाखवला जाईल. या सिनेमात ज्यांची पाठ आहे, त्या आपल्याच इमारतीतील कलाकाराचा सुरुवातीस सत्कार होईल. लहान मुलांनी पुढे बसावे व गप्प बसावे.’

कलाकार म्हणजे मी. पाठही माझीच.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नायकाला बागेतल्या बाकावर एक छत्री सापडते आणि जिची ती आहे तिला परत करण्यासाठी तो अख्खं शहर पायी पालथं घालतो. एवढंच. छत्री परत मिळते तेव्हा लख्ख ऊन पडलेलं असतं, ही त्यातली कलात्मकता. शेवटाकडे पुलावरचा एक प्रसंग आहे. नायिका निघून गेलेली, नायक कठड्याला टेकून उभा, आणि त्याच्या पलीकडून एक माणूस हातात पिशवी घेऊन लांब लांब चालत जातो. पाठमोरा. तो मी.

मी तेव्हा नुकताच हिशेबतपासनीस म्हणून नोकरीला लागलो होतो. हिशेबतपासनीस म्हणजे ज्यांच्या चुका काढायच्या त्यांच्याकडेच बसून चहा प्यायचा. कचेरी पुलापलीकडे. एका सकाळी पुलावर दोऱ्या बांधलेल्या, दिवे लावलेले, आणि मी मध्यावर पोचतो तोच मागून भोंग्यातून आवाज आला, “अहो पिशवीवाले! थांबू नका! चालत राहा! मागे बघू नका!” मी थांबलो नाही आणि मागे बघितलं नाही. वरून आलेला हुकूम कोणाचा आहे हे न विचारता पाळायचा, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो.

लग्न ठरल्यावर हिला घेऊन मी जो पहिला सिनेमा बघितला तो हाच. पूल आला, पाठ आली, आणि मी हिच्याकडे वळून म्हणालो, “तो मी.” ही म्हणाली, “हो?” आणि पडद्याकडे बघत राहिली. ते मौन मी तेव्हाच जमेच्या बाजूला लिहून टाकलं. पुढे हा सिनेमा घरात जितक्यांदा लागला तितक्यांदा मी त्याच जागी हिच्याकडे वळून तेच म्हणालो, आणि ही तसंच काहीतरी म्हणाली. संसार याहून वेगळा काय असतो?

अडचण काढली ती मेहुण्याने. मेहुणा म्हणजे घरबसल्या मिळालेला तपासनीस. उभी हयात मी जे दुसऱ्यांना केलं ते त्याने मला केलं.

“भावोजी, त्या पाठीवर नाव लिहिलंय का तुमचं?”

“पाठीवर नाव हमालाच्या असतं,” मी म्हणालो.

“नाही, रविवारी कोणी विचारलं तर पुरावा काय द्यायचा? तोंड असतं तर गोष्ट वेगळी.”

हे दुर्दैवाने सोसायटीच्या अध्यक्षांनी ऐकलं. अध्यक्ष जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही होकायंत्र म्हणतो, कारण ते कुठेही उभे राहिले की आधी उत्तर कुठे ते सांगतात आणि मग आपला प्रश्न ऐकतात. ते म्हणाले, “मुद्दा रास्त आहे. असं करा, त्याच पुलावर, त्याच जागी, तसेच पाठमोरे उभे राहा. फोटो काढून आणा. सिनेमातलं चित्र आणि तो फोटो शेजारी शेजारी लावू. जुळलं तर सत्कार. न जुळलं तर नुसता सिनेमा.”

म्हणजे माझ्या प्रतिष्ठेचा भार थेट पाठीवरच आला. मी म्हटलं, शनिवारी जातो आणि काढून आणतो. तेव्हा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “पुलावरच कशाला? सिनेमातली सगळीच ठिकाणं बघू या चालत. मला तो जिना बघायचाय, जिथे नायिका एकटी बसून हसते.”

एका फोटोची सहल झाली ती इथे.

सहल म्हटल्यावर सल्ले आले. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, जुने बूट घाला, नवे चावतात. त्यांचे यजमान म्हणाले, नवे घाला, जुने घसरतात. यावरून त्या दोघांत जे सुरू झालं त्यात आमचे पाय राहिले बाजूला आणि त्यांच्या लग्नातले बूट निघाले. होकायंत्रांनी स्वतःच्या हाताने नकाशा काढून दिला. अतिशय सुबक नकाशा. त्यात शहरातले सगळे चढ-उतार होते. रस्ते नव्हते. “रस्ते बदलतात,” ते म्हणाले, “चढ बदलत नाहीत.” मेहुणा साक्षीदार म्हणून बरोबर आला. फोटो तो काढणार होता, आणि खोटं निघालं तर तेही त्याला पहिल्या रांगेतून बघायचं होतं.

सिनेमात नायक बागेतून निघतो, वळतो, आणि शिंप्याच्या गल्लीत येतो. तिथून वळतो की घड्याळाचा चौक. मग जिना, मग पूल. हे सगळं तो गाणं संपायच्या आत करतो. प्रत्यक्षात बाग शहराच्या एका टोकाला आणि शिंप्याची गल्ली दुसऱ्या. घड्याळाचा चौक पुन्हा बागेच्या भिंतीला लागून. जिना परत गल्लीकडे.

“अहो, बाग आणि चौक शेजारी शेजारी आहेत,” ही म्हणाली. “दोन्ही आधी बघून घेतले तर?”

“सिनेमात तसं नाही.”

“सिनेमात पायही दुखत नाहीत.”

पण क्रम म्हणजे क्रम. पावत्या तारखेप्रमाणेच लावाव्या लागतात, सोयीप्रमाणे नाही. मी नकाशा घेऊन पुढे निघालो.

बाग आणि गल्ली यांच्या बरोबर मध्ये एका गादीवाल्याचं दुकान आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तो दारातून म्हणाला, “या, बघा तरी.” आम्ही मान हलवून पुढे गेलो. गल्लीत आता शिंपी नाहीत, मोबाइल दुरुस्त करणारे आहेत. तरी मी भिंतीवरचा एक जुना लोखंडी आकडा ओळखला आणि मागे न बघता हिला सगळं समजावून सांगितलं, की इथे छत्री अडकते, इथे ती फाटते, इथे शिंपी ती शिवून देतो आणि नायकाचे डोळे भरून येतात. सांगता सांगता मीही चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हा मागून एक भरदार आवाज आला, “काका, रडून झालं असेल तर बाजूला होता का?” माझ्यामागे पाठीवर कपाट घेतलेला एक माणूस उभा होता. ही आणि मेहुणा गल्लीच्या तोंडाशी सरबत पीत होते.

चौकाकडे परतताना गादीवाला म्हणाला, “ठरलं का?” चौकात घड्याळ होतं पण चालत नव्हतं. सिनेमातही चालत नाही, त्यामुळे मला फार समाधान झालं. जिन्याकडे निघालो तेव्हा गादीवाला रस्त्यावरच येऊन उभा राहिला. “ताईंना आवडलेली दिसतेय. घरचे नाही म्हणतात का?” ही म्हणाली, “बसून बघते,” आणि बसली. मी जिन्याच्या दिशेने बराच पुढे गेल्यावर मला मेहुण्याचा फोन आला, की ताई गादीवर आहे आणि उठायचं नाही म्हणते.

“अगं, सांगायचं तरी,” मी परत येऊन म्हणालो.

“कोणाला?” ही म्हणाली.

जिना आता नगररचना कचेरीत गेला आहे. म्हणजे जिना जागेवरच आहे, कचेरी त्याच्याभोवती वाढली. दारात पहारेकरी वही घेऊन बसला होता.

“काम?”

“जिना बघायचाय.”

“जिन्याचं काम मागच्या दारी. बांधकाम विभाग.”

“काम नाही. नुसता बघायचाय.”

“बघायला रकाना नाही,” तो म्हणाला. “अर्ज, तक्रार, हरकत. यातलं सांगा.”

रकान्याबद्दल मला जन्मजात आदर आहे. मी विचारात पडलो. मेहुणा म्हणाला, “हरकत लिहा. काय हरकत आहे?” पहारेकऱ्याने हरकत लिहिली. मेहुणा विनोदाने बोलतो हे कळायला शासनाला अजून वेळ आहे.

हरकत लिहिल्यावर एका कारकुनाने आम्हाला हाताशी धरल्यासारखं आत नेलं. जिन्यावरूनच नेलं, पण इतक्या लगबगीने की जिना पायांना कळला, डोळ्यांना नाही. वर एका लांब टेबलामागे एक साहेब बसले होते.

“बोला. कशाला हरकत?”

मी बाकावरच्या छत्रीपासून सुरुवात केली. साहेबांनी पेन खाली ठेवलं, वर उचललं, पुन्हा खाली ठेवलं. “म्हणजे जिना पाडायला तुमची हरकत आहे?”

“जिना पाडताय?” ही घाबरून म्हणाली.

“नाही. पाडावा असं म्हणणं आहे का तुमचं?”

“अहो, छे!”

“म्हणजे राहायला हरकत नाही.”

“काही हरकत नाही,” ही म्हणाली.

साहेबांनी मोठा श्वास सोडून शिक्का मारला. सह्या झाल्या. जो जिना आधीपासून उभा आहे तो उभा राहायला आमची हरकत नाही, असा कागद माझ्या हातात पडला. लोक असल्या कागदासाठी चपला झिजवतात. आम्ही चपला आधीच झिजवून गेलो होतो.

उतरताना ही मधल्या पायरीवर बसली. सिनेमात नायिका तिथेच बसते. कारकून म्हणाला, “बाई, इथे बसायचं नसतं.” ही म्हणाली, “आमची हरकत नाही,” आणि एकटीच हसली, अगदी सिनेमातल्यासारखी. हे मला मेहुण्याने नंतर सांगितलं. मी तोवर फाटकाबाहेर पोचून पुलाची दिशा बघत होतो.

पूल मात्र जसाच्या तसा होता. कठडा तोच, दिव्याचे खांब तेच. माझ्या पाठीला ओळख पटल्यासारखं झालं. मी जागा घेतली, पिशवी धरली आणि मेहुण्याला म्हणालो, “घे.” तो फोटो घ्यायचं सोडून पलीकडे बघत होता.

“भावोजी, तुम्ही आधीच लागलेले आहात.”

पुलाच्या टोकाशी चष्म्याचं एक दुकान होतं. त्याच्या काचेत, दाराएवढ्या मोठ्या चौकटीत, तोच पूल आणि तीच पाठ. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘गाजलेल्या सिनेमात आमचे मालक (पाठमोरे).’

मी सरळ आत गेलो. मालक माझ्याच वयाचे, स्वतः जाड भिंगाचे.

“ही पाठ माझी आहे,” मी म्हणालो.

“बसा,” ते म्हणाले. “नंबर तपासून घेऊ.”

“नंबर नाही, पाठ. त्या दिवशी पुलावरून मी चाललो होतो.”

“त्या दिवशी पुलावरून मी चाललो होतो. डावा खांदा बघा. उतरलेला आहे. माझाही उतरलेला आहे.”

“तो पिशवीच्या वजनाने. माझ्या पिशवीत डबा होता.”

“माझ्या पिशवीत काय दगड होते?”

अशा वादात साक्षीपुराव्याशिवाय गत्यंतर नसतं. आम्ही दोघे पुलावर गेलो आणि शेजारी शेजारी, पाठमोरे, पिशव्या धरून उभे राहिलो. बसथांब्यावरची माणसं बस सोडून आली. एक म्हणाला, उंच आहे तो. दुसरा म्हणाला, तेव्हा उंच असतील, आता दोघेही खचलेत. एक बाई म्हणाल्या, “मागून बघितलं तर सगळे नोकरदार सारखेच. आमचे हेही असेच दिसतात.” कोणीतरी चालून दाखवा म्हणालं. आम्ही चाललो. कोणीतरी पुन्हा म्हणालं. आम्ही पुन्हा चाललो. आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्याकडे एकाग्रपणे कधी बघितलं नव्हतं, आणि नेमकं तेव्हा मला ते दिसत नव्हतं.

शेवटी मेहुणा म्हणाला, “ताई, तूच सांग. भावोजींची पाठ तुझ्याइतकी कोणी बघितलीय?”

ही कठड्याला टेकून तळवे दाबत बसली होती. “ते खरंय,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून तीच बघतेय. बाजारात, दवाखान्यात, लोकांच्या लग्नांत. आज सकाळपासूनही. हे पुढे आणि मी मागे. यांची पाठ मी हजारांत ओळखेन.”

मी छाती काढली. मागून दिसत नसली तरी काढली.

“सिनेमातली ती यांची नाही.”

बसथांब्यावरचे लोक हळहळले. चष्मेवाले माझ्याकडे दयेने बघू लागले, तेव्हा हिने त्यांना विचारलं, “तुम्हालाही भोंग्यातून सांगितलं होतं का हो, मागे बघू नका म्हणून?”

“सांगितलं म्हणजे! ओरडून! पण मी बघितलं नाही हं.”

“मग तुमचीही नाही. सिनेमातला तो माणूस पुलाच्या टोकाला थांबतो. मागे वळून बघतो. मागून एक बाई भराभर येते, तो तिच्या हातातली पिशवी घेतो आणि मग दोघं बरोबर जातात.”

“कुठली बाई?” आम्ही दोघे एकदम म्हणालो. त्या दिवसातलं ते आमचं पहिलं एकमत.

मेहुण्याच्या मोबाइलमध्ये सिनेमा होता. उन्हात दिसेना म्हणून सगळे दुकानात शिरलो. चष्मेवाल्यांनी आपलं सगळ्यात मोठं भिंग आणून पडद्यावर धरलं. पूल आला. नायक उसासला. पाठ लहान होत होत टोकाशी गेली, थांबली, वळली. बाई आली. तिने पिशवी दिली, काहीतरी बोलली, बहुतेक रागावली, आणि दोघं बरोबरीने चौकटीबाहेर गेले.

भिंग खाली आलं. मग चष्मेवाले चौकटीकडे बघत म्हणाले, “फोटो मोठा करताना कडेला काहीतरी येत होतं खरं. बसेना म्हणून कापलं.”

मी हिला म्हणालो, “इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही ‘तो मी’ म्हणून माझ्याकडे वळायचात ना. तेवढ्यात ते होऊन जायचं.” ती पायात चपला सरकवत होती. “तेवढा एकदाच वळून बघायचात. मग कशाला बोलू?”

चष्मेवाले पुढे येऊन हिला नमस्कार करत म्हणाले, “बाई, तुमची नजर फार चांगली आहे. आमच्या काही उपयोगाची नाही.” चौकट त्यांनी काढली नाही. गिऱ्हाइकं लांबून बघतात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मेहुणा चांगला वागला. विजय झाल्यावर तो नेहमीच चांगला वागतो. “भावोजी, मनाला लावून घेऊ नका. फलकावर थोडीच अक्षरं बदलायची आहेत. ‘या सिनेमात ज्यांची पाठ आहे’ ऐवजी ‘हा सिनेमा ज्यांना पाठ आहे’ करू. सत्कार कायम.”

“पाठ तरी कुठे आहे?” ही म्हणाली.

मेहुणा बसने गेला. आम्ही चालत निघालो. हिच्या शेजारून चालायचं असा मी निश्चय केला होता. पण पदपथ खणून ठेवलेला, एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच वाट. मी थांबून म्हणालो, “तू हो पुढे.” तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि ती पुढे झाली.

ही इतकी भराभर चालते हे मला माहीत नव्हतं. मधे माणसं आली, हातगाडी आली. मी तिची पिशवी आणि अंबाडा यांवर नजर ठेवून नेटाने मागे चालत राहिलो. चालता चालता आमच्या सहलीवर मी दोन समजुतीचे शब्दही बोललो. त्यांच्यामागे मी औषधाच्या दुकानात शिरलो, तिथे अंबाडा वळला आणि एक परकी बाई म्हणाली, “तुम्ही कोणाशी बोलताय?”

मी घाईघाईने बाहेर आलो. पुढे, आमच्या गल्लीच्या टोकाला, ही उभी होती. थांबली होती. वळून माझ्याकडेच बघत होती. अगदी सिनेमातल्यासारखी. मी भराभर तिच्यापाशी गेलो आणि काही न बोलता तिच्या हातातली पिशवी घेतली.

“पिशवी कसली घेताय? किल्ली द्या,” ती म्हणाली. “तुमच्या खिशात आहे. मी होते पुढे, तुम्ही या सावकाश.”

मी किल्ली दिली. ती पुढे गेली. पिशवी मात्र तिने परत मागितली नाही. ही नोंद कुठल्या बाजूला करायची, ते माझं अजून ठरलेलं नाही.